वडोदऱ्यात भूकंपाचे हादरे सगळीकडे सारखेच बसतील का, आणि त्याचा अंदाज बांधतात कसा?

कारेलीबागकर (प्रश्न)

सर्वांस सस्नेह नमस्कार.

आमची कारेलीबागेतील सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. तीन मजली जुन्या इमारतींच्या जागी पार्किंगवर दहा मजल्यांचे दोन टॉवर उभे करण्याचा प्रस्ताव आहे. समितीचा चिटणीस असल्याने कागदपत्रे वाचून सभासदांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या टिपणात भूकंपाविषयी मोजून तीन वाक्ये आहेत: वडोदरा भूकंप विभाग तीनमध्ये येते, विभाग गुणांक (त्या विभागात भूकंपाचा जोर किती धरायचा तो आकडा) ०.१६ धरला आहे, आणि जमीन मध्यम प्रकारची मानली आहे. हिशेब नियमाप्रमाणेच असणार, त्याविषयी मला शंका घ्यायची नाही. परंतु गोत्रीपासून वाघोडिया रोडपर्यंत आणि समापासून मांजलपूरपर्यंत पसरलेल्या शहराला एकच आकडा कसा पुरतो, हे मला उमगत नाही.

शंका येण्याला कारण आहे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी आमच्या तळमजल्यावर भांडी किणकिणली, पंखा झुलला आणि घेरी आल्यासारखे वाटले, इतकेच. त्याच वेळी सयाजीगंजात सात मजली इमारतीत सर्वांत वर राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यांकडे गच्चीवरील टाकीचे पाणी उसळून जिन्यावर आले, देव्हाऱ्यातील समई आडवी झाली आणि माणसे भिंतीला धरून उभी राहिली. दोन्ही घरांमधील अंतर तीन-चार किलोमीटरांहून अधिक नाही. तेव्हा हा फरक जमिनीचा, की इमारतीच्या उंचीचा, की दोहोंचा?

दुसरे असे, की लाखो घरांच्या शहरात प्रत्येक ठिकाणी भूकंपमापक बसवणे शक्य नसते. मग कोणत्या भागाला किती हादरा बसेल याचे रंगीत नकाशे जे काढतात, ते कशाच्या आधारावर? आणि त्या नकाशावरील रंग आमच्या प्लॉटपुरता कितपत खरा मानावा? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन. थोडे गणित आले तरी चालेल.

---

विश्वामित्रीकाठ

नमस्कार. मी याच शहरात पाया आणि मृदा तपासणीच्या कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे जमिनीच्या बाजूने उत्तर देतो. भूकंपशास्त्राची बाजू इथले दुसरे सदस्य माझ्याहून चांगली मांडतील.

आपल्या मेव्हण्यांच्या टाकीचे उत्तर बव्हंशी उंचीत आहे. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक झुलण्याचा काळ असतो, त्याला नैसर्गिक आवर्तकाल म्हणतात. आपल्याकडील संहितेत, म्हणजे आय.एस. १८९३ मध्ये, आर.सी.सी. चौकटीसाठी तो काढण्याचे सोपे सूत्र आहे: मीटरमधील उंचीचा ०.७५ वा घात घ्यायचा आणि त्याला ०.०७५ ने गुणायचे. दहा मीटर उंचीच्या तीन मजली इमारतीला यातून साधारण ०.४ सेकंद मिळतो, तर आपल्या प्रस्तावित टॉवरला, पार्किंग धरून ३३ मीटर उंची मानल्यास, जवळपास एक सेकंद. विटांच्या भिंती चौकटीत भरल्या की इमारत ताठ होते आणि हा काळ कमी होतो. त्याचे सूत्र वेगळे आहे आणि इमारतीची रुंदी २० मीटर धरली तर त्याच टॉवरला ते ०.६६ सेकंद देते. तूर्त इतके लक्षात ठेवावे, की पुनर्विकासात आपण मजल्यांबरोबर हा काळही वाढवून घेत आहात. जुन्या इमारतीला ज्या लहरी त्रास देत नव्हत्या, त्या नव्या इमारतीला देतील.

आता जमीन. वडोदरा गाळावर वसलेले शहर आहे. पावागडाला डोळ्यांसमोर दिसणारा काळा खडक शहराखाली फार खोल गेला आहे. वर मही, विश्वामित्री आणि ढाढर या नद्यांनी आणून टाकलेली माती, गाळवट चिकणमाती, बारीक वाळू आणि कंकर (चुनखडीचे खडे) यांचे थर आहेत. बोअर, म्हणजे तपासणीचे खोल छिद्र, मारताना पहिले दोन-तीन मीटर भराव किंवा काळसर माती लागते, मग पिवळट-तपकिरी चिकणमाती आणि तिच्यात कंकराचे खडे, आणि त्याखाली कुठे वाळू तर कुठे पुन्हा चिकणमाती. खडक लागला म्हणून बोअर थांबवल्याचे शहरात माझ्या पाहण्यात नाही. ठरलेली खोली झाली की मशीन उचलतात, आणि ती खोली बहुतेक वेळा दहा ते पंधरा मीटर असते.

जमीन हादऱ्याला कसा प्रतिसाद देईल हे तिच्यातून एस तरंग, म्हणजे आडवे हलवणारे तरंग, किती वेगाने जातात यावर अवलंबून असते. ढिली माती तरंगाला मंद करते, आणि मंद झालेला तरंग आपली ऊर्जा राखण्यासाठी अधिक मोठ्या हेलकाव्याने पुढे जातो. म्हणून वरच्या तीस मीटरांतील या वेगाची सरासरी हा जगभर वापरला जाणारा मापदंड आहे. ही सरासरी काढताना वेगांची बेरीज करून भागायचे नसते, तर तरंगाला लागणाऱ्या वेळेची बेरीज करायची असते. समजा वरच्या पाच मीटरांत वेग सेकंदाला १८० मीटर, पुढील दहा मीटरांत २४० आणि शेवटच्या पंधरा मीटरांत ३२० आहे. एकूण वेळ ०.११६ सेकंद होतो आणि तीस मीटरांना त्याने भागले की २५८ येतात. साधी सरासरी २७० देते. हा फरक इथे किरकोळ दिसतो, पण वर खरोखरच ढिला भराव असेल तर वाढत जातो, कारण वेळ खाणारा थर तोच असतो. १८० ते ३६० या पट्ट्यात येणारी जमीन अमेरिकी वर्गवारीत ‘डी’ वर्गात, म्हणजे ताठ मातीच्या गटात पडते. १८० च्या खाली गेली की ती मऊ.

वेग प्रत्यक्ष मोजायचा तर जमिनीवर एका रेषेत जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारी छोटी यंत्रे) लावून, हातोड्याचा ठोका देऊन पृष्ठतरंगांवरून तो काढता येतो. ही तपासणी खर्चिक वाटते म्हणून बहुतेक जण एस.पी.टी. वर, म्हणजे नळी ठोकून करायच्या प्रमाणित चाचणीवर, काम भागवतात: ६३.५ किलोचे वजन ७५ सेंटिमीटरवरून पाडायचे आणि नळी शेवटचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. हाच तो सॉइल रिपोर्टमधील एन आकडा. त्यावरून वेग काढण्याची सूत्रे आहेत. इमाई आणि तोनोउची यांच्या १९८२ च्या जपानी सूत्रात एन १५ घातला तर २२७ मीटर प्रति सेकंद मिळतात. मात्र ते सूत्र जपानी मातीचे आहे. आपल्या कंकरमिश्रित चिकणमातीत खडा नळीच्या तोंडाशी आला की एन एकदम चढतो आणि जमीन आहे त्याहून ताठ भासते. हा घोटाळा मी बोअर लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या खोलीनिहाय नोंदीत, पुष्कळदा पाहिला आहे. १२, १४, ४१, १५ असा क्रम दिसला की ४१ कडे संशयाने पाहावे.

आपल्या इंजिनिअरांनी जमीन मध्यम मानली आहे, म्हणजे एन १० ते ३० च्या दरम्यान. कारेलीबागेसाठी ते सर्वसाधारणपणे पटण्यासारखे आहे. पण विश्वामित्री किंवा तिच्या एखाद्या बुजवलेल्या कोतराच्या (घळीच्या) जवळ प्लॉट असेल, तर गृहीत धरू नये, तपासावे.

---

दूरचा कंप

माझे शिक्षण भूकंपशास्त्रातील आहे. वरील उत्तराशी मी सहमत असून त्यात शहरव्यापी अंदाजाची बाजू जोडतो. उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

हादऱ्याच्या अंदाजाला तीन भाग असतात: उगम, वाट आणि स्थळ. भूकंप किती मोठा आणि किती खोल, तिथून शहरापर्यंत येताना तरंग किती क्षीण झाले, आणि शहराच्या मातीने त्यांचे काय केले. जगभरात नोंदलेल्या हजारो आलेखांवरून अशी समीकरणे बसवली आहेत, की त्यांत परिमाण, अंतर आणि तीस मीटरांतील तो वेग घातला म्हणजे त्या ठिकाणी अपेक्षित त्वरण, म्हणजे हादऱ्याचा जोर, मिळतो. शहराचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनासाठी समीकरण सोडवायचे आणि रंग भरायचा. आपण पाहिलेले नकाशे मुळात असेच तयार होतात. भूकंप होऊन गेल्यावर काढलेल्या नकाशात यंत्रांच्या नोंदी आणि लोकांनी कळवलेले अनुभवही मिसळतात, त्यामुळे तो अधिक विश्वासार्ह असतो.

वडोदऱ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की कोणता भूकंप धरायचा. माझ्या मते इथे एक नव्हे, दोन नकाशे लागतात आणि ते एकमेकांसारखे दिसणार नाहीत.

पहिला कच्छचा. २००१ च्या भूकंपाचे परिमाण ७.७ होते आणि केंद्र भचाऊजवळ, वडोदऱ्यापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांवर. इतक्या अंतरावर झटपट थरथरणारे तरंग वाटेत बरेचसे विरून जातात आणि संथ, लांब आवर्तकालाचे तरंग शिल्लक राहतात. बसकी घरे त्यांच्यावर होडीसारखी वरखाली होऊन सुटतात. एक सेकंद किंवा अधिक काळाच्या उंच इमारती मात्र त्यांच्या तालावर झुलू लागतात. मेव्हण्यांची टाकी आणि आपली किणकिणणारी भांडी यांतील फरकाचा मोठा भाग इथे आहे. शिवाय द्वीपकल्पाचे जुने, थंड कवच तरंगांना फार दूरवर जाऊ देते, म्हणून आपल्याकडे अंतराचे संरक्षण कॅलिफोर्नियाइतके मिळत नाही.

दुसरा जवळचा. २३ मार्च १९७० रोजी भरूचला सुमारे ५.४ परिमाणाचा भूकंप झाला, त्यात माणसेही दगावली. भरूच आपल्यापासून सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. नर्मदा-सोन खोऱ्यातील भ्रंशपट्टा तिथूनच पूर्वेला जातो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ परिमाणाचा भूकंप त्याच पट्ट्यातला. असा मध्यम, पण जवळचा भूकंप थोडे सेकंद टिकणारे, वेगवान हादरे देतो. त्याचा मार टॉवरपेक्षा दोन-तीन मजली विटांच्या घरांना अधिक. म्हणजे कच्छच्या नकाशात अलकापुरीतील उंच इमारतींचा पट्टा तापलेला दिसेल आणि भरूचच्या नकाशात मांडवी-रावपुऱ्याचा जुना भाग. ‘वडोदऱ्यातील सर्वांत धोक्याचा भाग कोणता’ हा प्रश्न भूकंप ठरवल्याशिवाय विचारताच येत नाही.

आता अनिश्चिततेविषयी, कारण रंगीत नकाशात नेमकी तीच लपते. ही समीकरणे जो आकडा देतात तो मध्यक असतो, म्हणजे निम्म्या नोंदी त्याच्या वर आणि निम्म्या खाली. प्रत्यक्ष नोंदी त्याच्या दोन्ही बाजूंना इतक्या विखुरतात, की साधारण दोन-तृतीयांश नोंदी मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात येतात आणि उरलेल्या त्याही बाहेर. मध्यक गुरुत्वीय त्वरणाच्या ५ टक्के असेल, तर खरा आकडा अडीच टक्के असू शकतो तसा दहा टक्केही. आपल्या प्लॉटपुरते हे पुरेसे अस्वस्थ करणारे आहे, परंतु शहराचा विचार करताना गोष्ट याहून गुंतागुंतीची होते.

हे विखुरणे दोन प्रकारचे असते. एक भाग संपूर्ण भूकंपाचा असतो: एखादा भूकंप आपल्या परिमाणाच्या मानाने जोरकस निघतो आणि मग सगळे शहर एकदमच मध्यकाच्या वर जाते. दुसरा भाग ठिकाणाठिकाणी बदलतो, पण तोही मनमानी नसतो. एकमेकांपासून शे-दोनशे मीटरांवरील जागा जवळजवळ सारख्याच हलतात, आणि काही किलोमीटर दूर गेल्यावर हे साम्य हळूहळू सुटते. त्यामुळे खऱ्या भूकंपात वाड्यावाड्यांगणिक ठिपके पडत नाहीत, तर मोठे चट्टे पडतात; निझामपुरा-फतेगंज-समा असा अख्खा भाग अंदाजापेक्षा जोरात हलला आणि दक्षिणेकडे अपेक्षेहून कमी, असे होते. प्रत्येक चौकोनाचा पासा स्वतंत्र टाकून हिशेब केला, तर कमी-जास्त एकमेकांत फिटून जाते, शहराचे एकूण नुकसान नेहमी मध्यमच दिसते आणि रुग्णालये, पाणीपुरवठा, वीज सारे एकदम कोलमडण्याची शक्यता कागदावरून पुसली जाते. म्हणून नियोजन करणारे एकाच भूकंपाचे शेकडो नकाशे पाडतात, त्यांत हे साम्य राखतात आणि मग नुकसानीचा पल्ला पाहतात. मध्यकाचा गुळगुळीत नकाशा ही एक सोय आहे. तशा तऱ्हेने हुबेहूब हलणारा भूकंप कधीही होणार नाही.

यंत्रांविषयी आपण विचारलेच आहे. २००१ मध्ये केंद्रापासून अडीचशे किलोमीटरांवरील अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्या एवढ्या शहरातील जोरदार हादऱ्याचा जो आलेख हाती लागला तो पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीतील एका त्वरणमापकाचा: गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे साडेदहा टक्के. साबरमतीच्या अलीकडे-पलीकडे फरक किती होता, हे पुढे पडझडीवरूनच ताडावे लागले. पण पडझड जमिनीबद्दल बोलते तितकीच बांधकामाबद्दलही बोलते. तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या, गच्चीवर जड टाक्या किंवा वाढीव बांधकाम असलेल्या इमारती पडल्या. तो दोष मातीच्या माथी मारला की नकाशा चुकतो.

---

कारेलीबागकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात.

इंटरनेटवर मला जगभरातील जमिनीच्या वेगाचा एक नकाशा सापडला, त्यात वडोदरा जवळपास एकाच रंगात आहे. म्हणजे शहरात फरक नाहीच असे समजावे का? आणि १९८५ च्या मेक्सिको सिटीचे उदाहरण सर्वत्र दिले जाते. तिथेही भूकंप शेकडो किलोमीटरांवर होता आणि शहर गाळावर होते. आपली अवस्था तशी मानायची का? आमच्या एका सभासदांनी सभेत हे उदाहरण दिले आणि सगळेच धास्तावले आहेत.

---

दूरचा कंप

त्या नकाशाविषयी आधी. ज्या देशांत मोजमापे कमी आहेत तिथे जमिनीच्या चढावावरून वेगाचा अंदाज बांधण्याची पद्धत वाल्ड आणि ॲलन यांनी २००७ मध्ये मांडली. तर्क असा, की डोंगरउतारावर खडक उघडा असतो आणि सपाटीवर गाळ साचतो. देश किंवा राज्याच्या पातळीवर हा तर्क बरा चालतो. वडोदरा सपाट असल्यामुळे सगळे शहर एका रंगात आले. त्यातून शहराच्या अंतर्गत फरकांबद्दल होकार किंवा नकार काहीच निघत नाही. त्याचे चौकोनही जवळजवळ किलोमीटरभराचे आहेत. विश्वामित्रीचे पात्र, तिची कोतरे, बुजवलेली तळी हे सगळे एका चौकोनात विरघळून जाते.

मेक्सिको सिटीची तुलना सभासदांनी जपून करावी. १९ सप्टेंबर १९८५ च्या त्या भूकंपाचे परिमाण ८.० होते. शहरातील कठीण जमिनीवर त्वरण गुरुत्वाच्या तीन-चार टक्के नोंदले गेले आणि जुन्या सरोवराच्या तळावर सुमारे सतरा टक्के, तेही दोन सेकंदांच्या लयीत, मिनिटभराहून अधिक काळ. तिथला तळ ही पाण्याने भिजलेली, जगावेगळी मऊ चिकणमाती आहे. एस तरंग तिच्यातून सेकंदाला शंभर मीटरही जात नाहीत. विश्वामित्रीकाठ यांनी दिलेले २५८ पाहा. आपला गाळ त्या जातीचा नाही आणि कठीण तळाशी असलेला त्याचा सांधाही तसा धारदार नाही. तेव्हा चौपट-पाचपट वाढीचे भय इथे आणण्याला आधार नाही.

तरीही एक गोष्ट विसरू नये. तीस मीटरांचा मापदंड खालच्या गाळाविषयी मौन बाळगतो. थराच्या जाडीची चौपट करून वेगाने भागले, की त्या थराचा स्वतःचा आवर्तकाल मिळतो. शंभर मीटर गाळ आणि सरासरी वेग ४०० धरला तर तो नेमका एक सेकंद येतो, म्हणजे आपल्या टॉवरच्या जवळपास. वरच्या तीस मीटरांचाच विचार केला असता हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या आत दिसला असता. खोल गाळाची ही लय रात्रीच्या शांत वेळी जमिनीच्या नैसर्गिक थरथरीची अर्धा तास नोंद घेऊन शोधता येते: आडव्या आणि उभ्या हालचालींचे गुणोत्तर काढायचे आणि शिखर कोणत्या वारंवारतेवर येते ते पाहायचे. जपानी रेल्वेतील नाकामुरा यांनी १९८९ मध्ये ही पद्धत रूढ केली. शिखर स्पष्ट आले तर लय कळते. हादरा किती पटींनी वाढेल हे मात्र शिखराच्या उंचीवरून सांगू नये, जरी पुष्कळ अहवालांत ते सर्रास सांगितलेले आढळते. माती हळूहळू ताठ होत जाणाऱ्या आपल्यासारख्या ठिकाणी शिखर पसरट येण्याचाही संभव असतो.

---

दांडिया बाजार

चर्चा उत्तम चालली आहे, पण सगळा रोख टॉवरांवर आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तीत सागाच्या खांब-तुळयांचे, मध्ये विटा-मातीच्या भिंती असलेले वाडे अजून उभे आहेत आणि त्यांत माणसे राहतात. त्यांना या नकाशांतून काय मिळते?

---

विश्वामित्रीकाठ

रास्त प्रश्न. वाड्यांचा आवर्तकाल लहान, त्यामुळे कच्छसारख्या दूरच्या भूकंपात ते तुलनेने निभावतात. भरूचसारखा जवळचा भूकंप त्यांची परीक्षा पाहील. लाकडी चौकट शाबूत असेल तर ती वाकते, कुरकुरते, पण सहसा एकदम बसत नाही. वाळवीने खांबाचे बूड पोखरलेले असणे, दोन वाड्यांमधील सामाईक भिंत एका बाजूने पाडून तिथे आर.सी.सी. चढवलेले असणे आणि वरच्या मजल्यावर मूळ रचनेत नसलेला स्लॅब टाकलेला असणे, ही तेथील खरी दुखणी आहेत. ती कोणत्याही हादऱ्याच्या नकाशात येत नाहीत. शहराच्या नुकसानीचा हिशेब करायचा तर हादऱ्याच्या थरावर घरांचा थर ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे दुसरा थर पहिल्याहून कच्चा आहे.

इथे ‘दूरचा कंप’ यांच्याशी थोडा मतभेद नोंदवतो. शेकडो नकाशे पाडणे महापालिकेला आणि आपत्ती व्यवस्थापनाला उपयोगाचे आहे, हे मान्य. परंतु त्या सगळ्यांच्या तळाशी जमिनीचा जो एक नकाशा असतो तो बोअरांच्या मधली जागा गणिताने भरून काढलेला असतो, आणि या शहरात ती भर फसवी आहे. कोतराच्या काठावरील बोअरमध्ये एन १८ लागतो आणि तिथून चाळीस मीटरांवर, जिथे एके काळी कोतर होते आणि आता सोसायटीचा बगीचा आहे, तिथे सहा मीटरपर्यंत डबर, राख आणि प्लास्टिक निघते, एन ३ किंवा ४. असे लॉग मी स्वतः सही करून दिले आहेत. दोन बोअरांची सरासरी काढली तर यांपैकी कोणतीही जमीन हाती लागत नाही. आधी जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षण खात्याच्या भूरूप नकाशावर) कोतरे आणि तळी कुठे होती ते पाहावे, मग बोअर कुठे घ्यायचे ते ठरवावे.

---

दूरचा कंप

मतभेद कसला, हे मान्यच आहे. भरावाच्या सीमा नकाशात हाताने घालाव्या लागतात, गणित त्या आपणहून ओळखत नाही. याउलट माझी तक्रार अशी, की या शहरात दरवर्षी खोदल्या जाणाऱ्या बोअरांचे लॉग बांधकाम परवानगीच्या फायलींत पडून राहतात. ते खोली, एन आणि पाण्याची पातळी यांसह एका ठिकाणी आले, तर नवीन खर्चाशिवाय शहराचा पहिला कामचलाऊ नकाशा तयार होईल. जबलपूर, दिल्ली आणि बंगळुरूच्या सूक्ष्म विभागणीत, म्हणजे शहराचे भूकंपधोक्यानुसार लहान भाग पाडण्यात, अशाच साठ्याचा मोठा वाटा होता. गांधीनगरला राज्याची भूकंप संशोधन संस्था आहे. तिच्याकडे जाण्याआधी शहराने आपली कपाटे उघडली तर काम निम्मे होईल.

---

कारेलीबागकर

आता शेवटचे आणि व्यवहाराचे. रविवारी बिल्डर आणि इंजिनिअर यांच्यासमवेत समितीची बैठक आहे. मध्यम जमिनीऐवजी मऊ जमीन धरली तर आमच्या टॉवरच्या हिशेबात नेमका किती फरक पडतो? आणि लेखी मागावे तरी काय?

---

विश्वामित्रीकाठ

२०१६ च्या संहितेतील प्रतिसाद आलेख (कोणत्या आवर्तकालाच्या इमारतीला भूकंपाचा भार ठरवताना किती गुणक लावायचा ते दाखवणारा) पाहिला तर लहान आवर्तकालाच्या इमारतींना तिन्ही प्रकारच्या जमिनींवर २.५ हाच गुणक आहे. जमिनीचा प्रकार तिथे आकडा बदलत नाही. फरक पुढे सुरू होतो. एक सेकंदाला कठीण जमिनीचा गुणक १.००, मध्यमचा १.३६ आणि मऊचा १.६७ होतो. म्हणजे आपला टॉवर खरोखर एक सेकंदाचा असेल, तर मध्यमऐवजी मऊ धरल्याने भूकंपाचा भार सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. जुनी तीन मजली इमारत असती तर हा प्रश्न जवळपास गैरलागू ठरला असता. दहा मजल्यांना तो लागू आहे. भिंती धरून काढलेला ०.६६ सेकंदाचा काळ वापरल्यास गुणक आणखी चढतात, मध्यमला २.०६ आणि मऊला सुमारे २.५, म्हणून आवर्तकाल कोणत्या सूत्राने काढला हेही विचारावे.

मागण्या लेखी द्याव्यात. प्रत्येक टॉवरखाली किमान एक बोअर तीस मीटरांपर्यंत, बाकीचे नेहमीच्या खोलीचे चालतील. लॉगमध्ये दर दीड मीटरला एन आणि कंकर लागल्याची स्पष्ट नोंद. एका रेषेवर पृष्ठतरंगांची तपासणी. एवढ्या प्रकल्पाच्या खर्चात ती दिसणारही नाही. पाण्याची पातळी बोअरच्या दिवशीची न धरता पावसाळ्यानंतरची धरावी, कारण वरच्या पंधरा-वीस मीटरांत भिजलेली ढिली बारीक वाळू निघाली तर हादऱ्याने ती पातळ होऊन पायाचा आधार सोडण्याचा प्रश्न वेगळा तपासावा लागतो, आणि उन्हाळ्यात कोरडी दिसलेली वाळू ऑगस्टमध्ये कोरडी नसते. २०२४ चा पूर आठवत असलेल्या कारेलीबागेला हे पटवून द्यावे लागू नये.

आणि पार्किंगचा मजला. तो मोकळा ठेवायचा असेल तर त्या मजल्यावर आर.सी.सी. भिंती किंवा तिरपे आधार देण्याची तरतूद याच संहितेत आहे. इमारतीच्या नकाशावर त्या भिंती कुठे दाखवल्या आहेत ते बोट ठेवून विचारावे, कारण गाड्या वळवायला अडचण होते म्हणून सगळ्यात आधी त्याच गाळल्या जातात.

---

कारेलीबागकर

मागण्यांचा मसुदा तयार केला असून उद्या समितीच्या गटावर टाकतो. सोसायटीच्या मागील अंगास, जिथे दुसरा टॉवर येणार आहे, तिथे पूर्वी पाणी साचत असे असे दोन ज्येष्ठ सभासदांनी आज सांगितले. तीस मीटरांचा पहिला बोअर तिथेच घ्यावा असे मसुद्यात घातले आहे.